मोटारसायकलच्या ऑइल कूलरची गळती नेमकी कुठून होते, ते कसे शोधावे

ऑइल कूलरच्या खालच्या कडेला ऑइलचा थेंब दिसला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. हाती येईल त्या पान्याने होजचे बोल्ट आणखी आवळतात, नाहीतर थेट नवा कूलर मागवतात. पहिल्या उपायात ॲल्युमिनियमचे आटे खराब होण्याचा धोका असतो. दुसऱ्यात पैसे खर्च होतात आणि आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा थेंब दिसू शकतो. थेंब पडतो ती जागा म्हणजे ओघळाचे शेवटचे टोक असते. ऑइल सुटते ती जागा त्याच्या वर, आणि धावत्या गाडीत वाऱ्यामुळे बहुधा पुढच्या बाजूला असते. म्हणून या लेखात पान्याला हात लावण्याची वेळ बरीच उशिरा येते.

पुढील क्रम हवेवर आणि ऑइलवर थंड होणाऱ्या, इंजिनाच्या पुढे वेगळा कूलर असलेल्या गाड्यांसाठी आहे. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, इंटरसेप्टर ६५०, पल्सर २२० आणि अपाचे आरटीआर २०० ४व्ही या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या गाड्या त्यात येतात. जोडांची रचना प्रत्येक मॉडेलमध्ये थोडी निराळी असते, त्यामुळे आपल्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल शेजारी ठेवावे.

## तयारी

गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला लावावी. मेन स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँडवर सरळ उभी करावी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि उजव्या जोडातून सुटलेले ऑइलसुद्धा डाव्या बाजूला ओघळते, त्यामुळे साइड स्टँडवर केलेली पाहणी जवळजवळ नेहमी चुकीच्या जागी नेते.

चांगला टॉर्च, दाढीच्या आरशाएवढा लहान आरसा, जुना टूथब्रश, पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे, टिश्यू पेपर, टाल्कम पावडर, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा आणि डिग्रीझर किंवा ब्रेक क्लीनर एवढे साहित्य शोधासाठी पुरते. रिंग पाने, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळू देणारा पाना) आणि नवे वॉशर दुरुस्तीच्या वेळी लागतील. फेअरिंग किंवा लेग गार्ड कूलरच्या आड येत असेल तर ते आधीच काढून ठेवावे, कारण अर्धवट दिसणाऱ्या जोडावर काढलेला निष्कर्ष अर्धवटच राहतो.

गाडी धुण्याआधी सर्व बाजूंनी जवळून फोटो काढावेत. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ऑइल जिथे बराच काळ पाझरते तिथे धूळ चिकटून काळा थर जमतो, आणि तो थर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ही गळतीची आयती नोंद असते. एकदा धुतले की ती पुसली जाते.

सावधान: इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय कूलरच्या मागे हात घालू नये. सायलेन्सरचा इंजिनाला जोडलेला पुढचा भाग, म्हणजे बेंड पाइप, कूलरच्या अगदी जवळून जातो.

## टप्पा १: ते इंजिन ऑइलच आहे का, ते ठरवणे

थेंब पांढऱ्या टिश्यूवर घ्यावा. इंजिन ऑइल नवे असताना मधाच्या रंगाचे आणि वापरल्यावर तपकिरी ते काळे होते, दोन बोटांत चोळल्यावर गुळगुळीत लागते आणि त्यावर पाणी टाकले तरी मिसळत नाही. ब्रेक फ्लुइड पातळ असते, पाण्यात विरघळते आणि रंगावर पडले तर रंग उचलते. ते आढळले तर शोध कूलरकडे न नेता पुढच्या ब्रेकच्या होजकडे आणि कॅलिपरकडे न्यावा, आणि तोवर गाडी चालवू नये.

पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गेले असेल तर तेथील ऑइल शॉकअपच्या पाइपवरून खाली उतरते आणि वाऱ्याने मागे, म्हणजे बरोबर कूलरच्या पुढच्या जाळीवर उडते. कूलरची पुढची बाजू सगळीकडे सारखी ओलसर असेल पण मागची कोरडी असेल, तर आधी शॉकअपचा पाइप बोटाने पुसून पाहावा. याचा संशय क्वचितच कोणाला येतो आणि धडधाकट कूलर बदलला जातो.

गाडीला कूलंटचा रेडिएटर असेल तर समोरचा भाग रेडिएटर आहे की ऑइल कूलर, याचीही खात्री करावी. कूलंट साधारणपणे हिरवे, निळे, गुलाबी किंवा नारिंगी असते आणि वाळल्यावर मागे पांढुरका डाग ठेवते.

## टप्पा २: ऑइलची पातळी पाहणे

मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे, बहुतेक गाड्यांत इंजिन थोडे गरम करून, बंद करून काही मिनिटे थांबल्यावर, गाडी सरळ उभी असताना पातळी पाहावी आणि लिहून ठेवावी. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर ऑइल भरल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी करू नये.

पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तीही अडचणच आहे. जास्तीचे ऑइल ब्रीदर पाइपमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरच्या डब्यात जाते आणि तिथल्या निचऱ्याच्या नळीतून खाली पडते. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेल्या कित्येक ‘गळती’ याच प्रकारच्या असतात. अशा वेळी पातळी योग्य करून काही दिवस निरीक्षण करणे पुरेसे ठरते.

## टप्पा ३: धुणे आणि कोरडे करणे

या टप्प्याला वेळ द्यावा, कारण पुढचा सगळा शोध यावर उभा आहे. कूलर, दोन्ही होज, होजची चारही टोके, टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाची) पुढची कड, सिलिंडरचा पुढचा भाग आणि ऑइल फिल्टरचे झाकण एवढा भाग डिग्रीझर लावून, टूथब्रशने घासून, साबणाच्या पाण्याने धुवावा. गॅरेजमध्ये सवयीने डिझेल वापरतात. ते मळ चांगला काढते, पण मागे तेलकट पापुद्रा ठेवते आणि तो नंतर गळतीसारखाच चमकतो. डिझेल वापरलेच तर त्यानंतर साबणाचे पाणी आणि शेवटी ब्रेक क्लीनर अशा क्रमाने तो पापुद्रा काढावा. ब्रेक क्लीनर रबरावर आणि रंगावर साचू देऊ नये, आणि गरम इंजिनावर तर मुळीच मारू नये. पेट्रोलने धुण्याचा मोह टाळावा.

वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा कूलरच्या जाळीवर सरळ मारला की पातळ पाती वाकतात, हवेचा मार्ग बंद होतो आणि पाणी जाळीत खोलवर अडकते. जाळी ब्रशने आणि हलक्या धारेनेच धुवावी. मग सायकलच्या पंपाने किंवा कमी दाबाच्या हवेने मागून पुढे हवा मारून पाणी बाहेर काढावे, आणि गाडी तासभर उन्हात ठेवावी. पावसाळ्यात ऊन मिळत नसेल तर हे काम छपराखाली पंख्याच्या वाऱ्यात करावे आणि वेळ दुप्पट द्यावा.

तपासणी: कोरडा टिश्यू प्रत्येक जोडाभोवती फिरवावा. टिश्यूवर काहीही डाग उमटत असेल, मग ते पाणी का असेना, तर टप्पा ३ पूर्ण झालेला नाही.

## टप्पा ४: थंड इंजिनावर डोळ्यांनी आणि बोटांनी पाहणी

कूलर चासीवर बसवलेला असतो आणि इंजिन आपल्या कंपनांनुसार हलत असते. या दोहोंमधला सगळा फरक होजला सोसावा लागतो. म्हणून कूलरच्या जाळीपेक्षा होजची टोके आधी पाहावीत.

होजच्या टोकाला रबर आणि धातू एकत्र धरण्यासाठी दाबून बसवलेली धातूची टोपी असते. त्या टोपीतून रबर बाहेर येते तिथे बारीक भेगा, फुगवटा किंवा चिकट ओल आहे का, ते होज हलकेच वाकवून पाहावे. मग पूर्ण लांबीवर बोट फिरवावे. हॉर्नची पट्टी, क्लच केबल, लेग गार्डचा क्लँप किंवा नंतर बसवलेल्या फॉग लाइटची वायर होजला घासत असेल तर तिथे रबर चपटे आणि चकचकीत झालेले असते.

कूलर हाताने धरून हलवून पाहावा. त्याच्या बोल्टखालचे रबरी बुश झिजले असतील किंवा कोणी काढून टाकले असतील, तर इंजिनाची आणि रस्त्याची सगळी कंपने कूलरच्या कानांवर (बोल्ट बसतो त्या पट्ट्यांवर) आणि नळीच्या सांध्यांवर येतात. तिथे पडलेली चीर थंड असताना नखालाही लागत नाही. शेवटी जाळीत खड्याने पडलेले खड्डे शोधावेत आणि प्रत्येक संशयित जागेचा फोटो काढावा.

## टप्पा ५: उभ्या गाडीवर चालू इंजिनाची चाचणी

गाडीखाली पुठ्ठा सरकवावा आणि पुढच्या चाकाची जागा त्यावर पेनाने आखून घ्यावी. प्रत्येक जोडाभोवती आणि होजच्या टोपीभोवती मऊ ब्रशने टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा. एअर फिल्टरच्या तोंडाजवळ पावडर जाऊ देऊ नये.

इंजिन सुरू करून आयडलला ठेवावे. सुरुवातीला ऑइल घट्ट आणि दाब जास्त असतो, त्यामुळे सैल जोड किंवा फाटलेली ओ-रिंग (जोडातली गोल रबरी कडी) पहिल्या मिनिटांतच पावडरवर काळपट टिंब दाखवते. केसासारखी चीर मात्र ऑइल पातळ झाल्यावरच बोलते. म्हणून थंडपणीची नोंद वेगळी आणि गरम झाल्यानंतरची वेगळी घ्यावी. इंजिन गरम झाल्यावर अधूनमधून थोडी रेस द्यावी, कारण वेग वाढला की ऑइलचा दाबही वाढतो. हवेवर थंड होणारी गाडी उभ्याने फार वेळ चालू ठेवू नये. दहा मिनिटांच्या आत टिंब दिसले नाही तर बंद करून पुढच्या टप्प्याकडे जावे.

टिंब दिसले तर लगेच निष्कर्ष काढू नये. बँजो बोल्ट (होजचे कडीसारखे टोक, म्हणजे बँजो, जोडणारा पोकळ बोल्ट) आणि होजची टोपी यांत जेमतेम बोटभर अंतर असते. टोपीतून सुटलेले ऑइल बँजोवर उतरून तिथून ठिबकते आणि वॉशर बदलूनही गळती ‘परत’ येते. दोन्ही जागा पुसून, बँजोभोवती टिश्यूची एक पट्टी आणि टोपीभोवती दुसरी अशी वेगवेगळी गुंडाळावी आणि पुन्हा इंजिन चालवून आधी कोणती ओली होते ते पाहावे. या पट्ट्या फक्त उभ्या गाडीवर, नजरेसमोर आणि बेंड पाइपपासून दूर असतील तरच वापराव्यात. तापलेल्या पाइपवर ऑइल लागलेला कागद पेट घेऊ शकतो.

## टप्पा ६: छोटी फेरी

उभ्याने काही दिसले नाही तर पट्ट्या काढून, पावडर पुसून गाडी बाहेर काढावी. इथे सर्वसाधारण चूक अशी की माणसे वीस-पंचवीस किलोमीटर फिरून येतात. तोवर ऑइल वाऱ्याने बेंड पाइपपर्यंत आणि इंजिनाच्या तळापर्यंत पसरलेले असते आणि उगम पुन्हा झाकला जातो. पहिला थांबा एक किलोमीटरवर, दुसरा तीन किलोमीटरवर आणि तिसरा सहा-सात किलोमीटरवर घ्यावा. प्रत्येक थांब्याला वरून खाली आणि पुढून मागे या क्रमाने टॉर्चने पाहावे. सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा ओला ठिपका हाच उगम मानावा. त्याच्या खाली कितीही ऑइल दिसले तरी त्याकडे तूर्त दुर्लक्ष करावे.

तो ठिपका कूलरच्या आणि होजच्याही वर, म्हणजे टॅपेट कव्हरच्या कडेला किंवा हेडच्या पॅकिंगपाशी असेल, तर कूलर निर्दोष आहे आणि शोध तिथेच थांबतो.

सावधान: ऑइल मागच्या टायरवर पोहोचत असेल किंवा धारेने पडत असेल तर ही फेरी करू नये. पावसाळ्यात ताम्हिणीसारख्या ओल्या घाटात टायरला लागलेला ऑइलचा पातळ थरही वळणावर गाडी पाडू शकतो.

एवढे करूनही उगम सापडला नाही तर ऑइलमध्ये मिसळायचा अतिनील रंग वापरता येतो. तो मिसळून गाडी थोडा वेळ चालवून अंधारात अतिनील टॉर्चने पाहिल्यास गळतीची जागा पिवळट हिरवी चमकते. बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाचे ऑइल आणि क्लचचे ऑइल एकच असते. त्यामुळे ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचला चालेल असे स्पष्ट लिहिलेला रंगच घ्यावा. एसी दुरुस्तीचा रंग इथे उपयोगाचा नाही.

## टप्पा ७: कूलर काढून पाण्यात तपासणे

उगम जाळीत किंवा कूलरच्या सांध्यात वाटत असेल तरच हा टप्पा करावा. होज सुटताना ऑइल सांडेल म्हणून खाली भांडे ठेवावे. उघडी टोके स्वच्छ कापडाने झाकावीत, कारण इथून आत गेलेला खडा ऑइलबरोबर इंजिनभर फिरतो.

कूलरचे एक तोंड रबरी बुचाने बंद करावे, दुसऱ्याला नळी जोडून बादलीभर कोमट पाण्यात कूलर पूर्ण बुडवावा आणि सायकलच्या पंपाने १५ ते २० पीएसआय एवढाच दाब द्यावा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब दिला तर नसलेली गळती तयार होऊ शकते. बुडवल्यावर पहिला मिनिटभर पात्यांत अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात आणि पुष्कळ जण त्यांनाच गळती समजतात. कूलर पाण्यातच हलवून ती हवा काढावी आणि नंतर एकाच जागेतून, ठरावीक अंतराने येणारे बुडबुडे पाहावेत. दाब कायम ठेवूनही पाच मिनिटांत एकही बुडबुडा आला नाही तर कूलर चांगला आहे. चाचणीनंतर आतले पाणी पूर्ण झटकून वाळवावे.

## टप्पा ८: दुरुस्ती

वॉशरची गळती असेल तर बँजोच्या दोन्ही बाजूंचे दोन्ही वॉशर नवेच घालावेत. जुना वॉशर मळाने काळा होऊन बसण्याच्या जागेला इतका चिकटतो की तो तिथलाच भाग वाटतो. त्यावर नवा घातला की दोन वॉशर एकावर एक बसतात आणि गळती वाढते. नखाने किंवा लाकडी काडीने कडा उचलून खात्री करावी. स्क्रू ड्रायव्हर वापरल्यास ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तोच नव्या गळतीचा मार्ग होतो.

ओ-रिंग असेल तर मॉडेलच्या पार्ट नंबरची घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानातली नळाची ओ-रिंग मापाने बसली तरी गरम ऑइलमध्ये टिकेलच असे नाही. बसवण्याआधी तिला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे. वॉशर किंवा ओ-रिंगच्या जागी सिलिकॉन सीलंट लावू नये. दाबून आत गेलेला त्याचा तुकडा सुटून ऑइलच्या बारीक मार्गात अडकू शकतो.

बोल्ट आधी हाताने पूर्ण आट्यांत बसवावा आणि मगच पाना लावावा. आवळताना होज दुसऱ्या हाताने धरून ठेवावा, नाहीतर तो पीळ घेतो आणि त्या ताणाने टोपीपाशी चिरतो. कूलरच्या मानेला षटकोनी भाग असेल तर तिथे दुसरा पाना लावून विरोध द्यावा. शेवटचा टॉर्क मॅन्युअलमधल्या आकड्याएवढाच द्यावा.

होज टोपीतून पाझरत असेल तर तो बदलावा. वर क्लिप आवळून हा दोष जात नाही. जाळी फुटली असेल तर एम-सीलसारखा लेप उष्णता आणि कंपने यांपुढे फार टिकत नाही. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग करता येते, पण पातळ नळीत मुरलेले ऑइल निघाले नाही तर जोड सच्छिद्र राहतो. मी स्वतः जाळीतल्या गळतीला कूलर बदलण्याचाच सल्ला देईन. सांध्यापाशी, जाड भागावर चीर असेल तर मात्र रेडिएटरच्या जाणत्या कारागिराकडून वेल्डिंग करून, पुन्हा पाण्यात तपासून घ्यायला हरकत नाही. नवा कूलर घातला तरी झिजलेले रबरी बुश त्याच वेळी बदलावेत.

सावधान: गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी द्रव्ये ऑइलमध्ये ओतू नयेत, ती क्लच घसरवू शकतात. वाटेत अडकल्यास होज वाकवून किंवा तोंडाला बोल्ट मारून कूलरचा मार्ग बंद करू नये. काही इंजिनांत ऑइलचा पुढचा प्रवास त्या मार्गानेच होतो आणि तो बंद झाला तर काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. अशा वेळी गाडी टेम्पोत टाकून आणणे स्वस्त पडते.

## टप्पा ९: शेवटची खात्री

कूलर आणि होज रिकामे असल्यामुळे पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर पातळी उतरते. मिनिट-दोन मिनिटे फक्त आयडलला चालवावे. ऑइल प्रेशरचा दिवा असेल आणि तो काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करावे. मग काही मिनिटे थांबून पातळी पुन्हा पाहावी आणि लागेल तेवढे ऑइल, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे आणि जासो एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असे लिहिलेले, थोडे थोडे भरावे.

त्यानंतर टप्पा ५ आणि टप्पा ६ जसेच्या तसे पुन्हा करावेत. दुरुस्त केलेला जोड कोरडा असूनही कुठे ओल दिसली तर तो बहुधा दुसरा, आधी झाकला गेलेला उगम असतो आणि त्यासाठी पुन्हा टप्पा ३ पासून सुरुवात करावी लागते. सगळे कोरडे असेल तर दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, टिश्यू एकदा सगळ्या जोडांवरून फिरवावा आणि ऑइलची पातळी लिहून ठेवलेल्या नोंदीशी ताडून पाहावी. शोधात आणि दुरुस्तीत निघालेले जुने ऑइल बंद डब्यात भरून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.